अभिमन भाऊची गाडी खुंट्याला

"बंद कर ना भाऊ," मी बॉनेटमधून डोकं काढून म्हणालो.

अभिमन भाऊ स्टेअरिंगवर, पाय अॅक्सिलेटरवर. इंजिन घुरघुरतंय.

"बंद केली तर परत सुरू नाही होणार."

"म्हणून तर आणली ना माझ्याकडे? चालू गाडीत बॅटरी काय तपासू?"

"जे तपासता येतं ते तपास."

मीटरच्या पिना बॅटरीला टेकवल्या. चौदाच्या वर व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग बरोबर देतोय, तो बिचारा निर्दोष. मग मी सरळ खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. भाऊचा चेहरा असा झाला, जसं त्याचं कोणी नाक दाबलं.

दोंडाईचाला शहादा रोडवर, मिरचीच्या खळ्यांजवळ माझी टपरी आहे. गाड्यांचं वायरिंग, बॅटरी, सेल्फ. नववीत शाळा सोडली तेव्हा घरचे म्हणाले, आता हमाली कर. भाऊनीच मला ओळखीच्या वायरमनकडे कामाला लावलं. म्हणून भाऊबद्दल कोणी वाकडं बोललं की मी आधी पाना उचलतो, मग ऐकून घेतो.

आणि लोक बोलायचेच. कारण भाऊ गाडी बंदच करायचा नाही. भाड्याची पांढरी गाडी, दोंडाईचा ते धुळे. चहा गाडीत बसून, इंजिन चालू. बंद करायचीच पडली तर उतारावर, म्हणजे ढकलून तरी सुरू होईल. स्टँडवरचे ड्रायव्हर विचारायचे, "अभिमन, अंघोळीला तरी उतरतो का खाली?" भाऊ हसायचा. बाकी काय करणार?

घरी आला की खिडकीतून चार्जरची वायर बाहेर यायची. बॅटरीला लाल चिमटा, काळा चिमटा. गाय खुंट्याला बांधतात तशी गाडी बांधलेली. ती सकाळपर्यंत सुटायची नाही आणि भाऊपण सुटायचा नाही.

पुनम वहिनी धुळ्याला, खाजगी दवाखान्यात नर्स. पोरगी तिच्याजवळ. खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली गल्ली सपाट, चार्जरची वायर पोचेल असं काही नाही. म्हणून भाऊ रोज धुळ्याला जायचा आणि रोज परत यायचा. एक रात्र तिथे राहिला नाही. त्या उन्हाळ्यात वहिनीने सांगून टाकलं होतं: "पोरगी विचारते, पप्पा आपले पाहुणे आहेत का? शाळा उघडेपर्यंत ठरव. नाहीतर मग येऊच नको."

बॅटरी दोनदा बदलून झाली होती, तीही भाऊनी चालू इंजिनवर बदलायला लावली. नवीन बॅटरीसुद्धा काही दिवसांत बसायची. म्हटलं आज चोर पकडायचाच. बॅटरीची काळी तार काढून मध्ये मीटर लावायचा, म्हणजे गाडी बंद असताना करंट कोण पितंय ते कळतं. मी पाना लावला तर भाऊनी माझा हात धरला.

"आधी मीटर जोड. मग तार उचल."

"का?"

"लाइन तुटायला नको."

हे त्याला कोणी शिकवलं, असं वाटलं. पण केलं तसं. चावी काढलेली, दारं लावलेली, तरी मीटरवर पाऊण अँपियरच्या वर. नळ बंद आणि टाकी गळतेय. मी एकेक फ्यूज काढून पाहिला. आकडा हलेना.

म्हटलं डिक्कीचा दिवा चालू राहत असेल. डिक्की उघडली. दिवा तर तुटलेलाच होता. कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली लहानशी मातीची घागर आणि एक आंबा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती; त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. भाऊच्या बापाची असेल, मी समजलो.

"झाक ते," भाऊ म्हणाला.

झाकलं. परत बॅटरीशी आलो आणि वायर हातात धरून धरून माग काढला. एक बारीक लाल वायर, फ्यूज नाही काही नाही, सरळ बॅटरीवरून डॅशबोर्डमध्ये. तिथे सप्तशृंगीचा फोटो आणि खाली दोन बल्ब. गावातल्या सगळ्यांनी पाहिलेले. मला वाटायचं चावीबरोबर लागतात. ते चोवीस तास चालू होते.

"भाऊ, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला दुपारभर उन्हात कशाला तळलं?"

"म्हटलं, दुसरं काही निघालं तर बरं."

गाडी मुळात सुपडूची, भाऊच्या लहान भावाची. फोटो त्यानेच बसवला, बल्ब त्यानेच लावला. मग घरात भांडण झालं आणि तो गाडी टाकून सुरतला कापडाच्या मागावर कामाला गेला. फोन लागेनासा झाला. धुरपदा अक्का, म्हणजे त्यांची आई, तिने नवस केला: सुपडू घरी येईपर्यंत त्याच्या गाडीतला दिवा विझू द्यायचा नाही. एक बल्ब उडाला तर? म्हणून जोडीला दुसरा. बॅटरीला दोन तोंडं लागली ती अशी.

मी तडक अक्काकडे गेलो. ती अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती.

"अक्का, बल्ब काढू दे. तिथे बारीक एलईडी लावतो. करंट पितच नाही म्हण."

"मना सुपडू येत नई तवलोंग दिवा इझाडानं नई."

"अगं विझवत नाही. बदलतोय."

"बदलशी कसा? काढशी तवय अंधारच ना?"

तिने दोन बिबडे उलटे केले. मग तीच म्हणाली, "नवरातमा वात बदलानी व्हयनी म्हनजे आम्ही काय करतस? पह्यले बाजूले निरांजन लावतस. मंग वातले हात लावतस. तसं कर."

हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. अक्का पदर डोक्यावर घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली, माझ्यावर लक्ष ठेवायला. मी त्याच वायरवर आधी एलईडी जोडला. लागला. मग एक बल्ब काढला, मग दुसरा. देवीच्या तोंडावर एकदाही अंधार आला नाही.

"थंडा शे उजेड," अक्का म्हणाली. "पन शे."

मीटरवर नावापुरता आकडा राहिला. मी भाऊला म्हणालो, "जा आता. धुळ्यात चार दिवस उभी कर. एका सेल्फमध्ये उठेल."

"हां," तो म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला, गाडी बंद केली आणि स्टुलावर बसून चहा घेतला. हात कुठे ठेवावे त्याला कळेना. चावी नुसती या बोटातून त्या बोटात.

आणि संध्याकाळी धुळ्याहून परत. त्याच्या दुसऱ्या दिवशीपण परत. मी घरी जाऊन पाहिलं तर चार्जरची वायर खिडकीबाहेर, चिमटे लावलेले.

"भरलेल्या बॅटरीला काय पाजतो भाऊ? तिकडे वहिनी वाट बघते."

"सवय आहे."

"सवय कसली. भीती वाटते का तुला?"

आतून अक्काचा आवाज आला. "अभिमन, सुरतना काही निरोप उना का रे?"

"नई आई. येई तो."

"तू घर नई ऱ्हायना ते मले कोन सांगी?"

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. चिमटा घट्ट बसला होता तरी परत दाबत होता.

शाळा उघडली. भाऊ पोरीचं दप्तर द्यायला गेला आणि त्याच दिवशी माघारी आला. वहिनीने त्याचे कपडे पिशवीत भरून त्याच्याच गाडीत ठेवले. स्टँडवरचे परत हसले, एकाशी माझी हाणामारी झाली. मला तर वहिनीचाच राग आला. एका गाडीचं काम होतं म्हणून धुळ्याला गेलो तेव्हा तिच्या दारात उभा राहून मी नको ते बोललो. तुला नवरा नको, ड्रायव्हर पाहिजे, इथपर्यंत. तिने ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग सांगितलं.

सुपडू सुरतला गेला त्याच वर्षी काविळीने वारला होता. अभिमन भाऊनेच तिथे तापीकाठी त्याला अग्नी दिला आणि घरी येऊन आईला सांगितलं, फोन लागत नाही. तेव्हापासून रोज रात्री आईला 'येई तो' म्हणायला त्याला घरी असावंच लागायचं. डिक्कीतली घागर सुपडूची होती. दर आखाजीला भाऊ ती तापीवरच्या सारंगखेड्याच्या पुलाखाली नेऊन भरायचा.