गोफणीला लागणारी जागा

नव्वदच्या दशकात शिकागोत शिकत असताना मी प्राचीन युद्धांचा वर्ग घेतला, तो केवळ गोफणीसाठी. माझी आई दुसऱ्यांच्या ज्वारीत राखणीला जायची, माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. वडील सभेच्या मैदानात चळवळीच्या पुस्तिका विकायचे. त्या वाचत मी वाढलो. घोडा नाही, चिलखत नाही, अशांचं हे शस्त्र माझंच, याबद्दल मला शंका नव्हती.

पण वर्गात ती होती. शॉमबर्ग या उपनगरातल्या ज्या ओळखीच्या काका-काकूंकडे मी रविवारी जेवायला जायचो, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी. तिने गोफण फक्त पुस्तकात पाहिलेली. आणि तरी जुन्या काळच्या सैनिकांनी गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवर शत्रूसाठी टोमणे उमटवले होते, एकीवर तर नुसतं 'घे' एवढंच होतं, हे वर्गाला सांगितलं तिने. एका शब्दाचं पत्रक. ते मला सापडायला हवं होतं. त्या रविवारी काकूंच्या हातची वांगी मी ताटात तशीच ठेवली.

उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायला एकच जागा होती. आम्हा दोघांनाही ती हवी होती. प्राध्यापक म्हणाले, आपापलं म्हणणं मैदानावर करून दाखवा.

माझं म्हणणं होतं की गोफणवाले खांद्याला खांदा लावून उभे राहत. मोर्चात आम्ही तसेच चालायचो. माणसांची भिंत हीच आमची ताकद, असं मी कितीतरी पत्रकांत लिहिलं होतं. वर्गातली मुलं मी रांगेत खेटून उभी केली, हातात दोरीच्या गोफणी आणि टेनिसचे चेंडू दिले. पहिल्याच फेऱ्याला दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. एक चेंडू शेजारच्याच्या कानावर बसला.

"दादा, मोर्चा नाहीये हा," ती हळूच मराठीत म्हणाली. "स्पेस लागते ना यार."

तिने तीच मुलं लांब लांब पांगवली. मागे काहींना ढालवाले केलं. चेंडू सुटले, झाडांपर्यंत गेले. मग ढालवाल्यांनी मध्ये वाटा सोडल्या आणि गोफणवाले त्यांतून पळत मागे आले. प्राध्यापक हसत होते, लहान मुलासारखे.

जागा तिला मिळाली. जिच्या आईने कधी उन्हात पाखरं हाकली नाहीत, तिला. हा अन्याय आहे असं मी स्वतःला बरंच समजावलं. पण चेंडू तिचे लांब गेले होते, त्याला काय करणार?

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर ती गोफण घेऊन समोर बसली. "माझी गाठ सारखी सुटते. तुझ्या आईची कशी असायची? शो मी."

"शिकव रे हिला," काकू म्हणाल्या. "घरचं काही येत नाही."

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण ज्ञान अडवून धरणाऱ्यांवर तर आमच्या घरातली प्रत्येक पुस्तिका पेटलेली असायची, आणि ती मला पाठ होती.

मी गाठ दाखवली. तिची पहिल्याच वेळी बसली, माझ्याहून घट्ट.