मावसाजींची माफीची फेरी

पांढुर्ण्यात आजवर जेवढी भांडणं झाली असतील, त्यांतली निम्मी माझ्या मावसाजींनी सुरू केलेली आहेत, आणि स्वतःची सगळीच्या सगळी त्यांनी त्याच दिवशी, दिवस बुडायच्या आत मिटवलेली आहेत. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. आपल्या माणसाबद्दल लिहिताना हात सैल सुटतो, असं आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम सांगतात. पण मी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून मावसाजींच्याच घरी राहतो आणि रोज पाहतो, त्यामुळे मला वाटतं, ‘निम्मी’ मी जरा कमीच धरली असतील.

मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. बाजारगल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. अंगानं किरकोळ, गळ्यात टेप, कानावर खडू, आणि आवाज असा की समोरच्या किराणा दुकानातला माणूस फोनवर बोलताना आत गोदामात जाऊन बोलतो. राग त्यांना कशाचाही येतो. गिऱ्हाईक उशिरा आलं तर येतो, लवकर आलं तर जास्त येतो. वीज गेली तर विजेवर येतो, आणि वीज आल्यावर ‘आता कायले आली?’ म्हणून पुन्हा येतो. अशा माणसाच्या नशिबी तरुणपणी कधीतरी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली ती गोष्ट आली, की राग आला तरी तो मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नये. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनीच ती ऐकलेली आहे. आम्ही ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन जेवतो. मावसाजींनी मात्र ती जशीच्या तशी धरली. दिवसभर भांडायचं आणि ऊन कलायला लागलं की कैची खाली ठेवून सायकल काढायची. ज्याच्या-ज्याच्यावर ओरडलो असू त्याच्या-त्याच्या दारात जाऊन माफी मागायची आणि सूर्य मावळायच्या आत घरी परत यायचं.

माफी मागण्याची त्यांची पद्धतही त्यांचीच. एकदा बँकेतले एक साहेब पँट घेऊन आले आणि म्हणाले, कमरेत तंग शिवली. मावसाजींनी टेप लावला, पुन्हा लावला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, “कपडा नाही आटला साहेब, तुम्ही वाढले!” साहेब लाल होऊन निघून गेले. संध्याकाळी मी मावसाजींच्या सायकलवर मागे बसलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. साहेबांच्या दारात मावसाजी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, सकाळी चारचौघांत जोरात बोललो, ते चुकलं. माफ करजा.” साहेब विरघळले. म्हणाले, “जाऊ द्या हो, पँटच जरा तंग झाली असेल.” त्यावर मावसाजी ताठ झाले. “नाही, नाही. पँट बरोबर हाय. पोट तुमचंच वाढलं. माफी आवाजाची मागून राहिलो, मापाची नाही.” आतून साहेबांच्या मिसेस इतक्या हसल्या की आम्हाला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

परतताना मी भीत भीत विचारलं, “मावसाजी, मग तुम्ही नमतं घेतलंच नाही ना?”

“राग सोडाचा असते बाबू, खरं नाही सोडाचं,” ते पायडल मारता मारता म्हणाले. “दोन्ही एका पुडीत बांधून फेकलं तर माणूस बुळा होते.”

पावसाळ्यात त्यांची फार पंचाईत होते. ढग असले की सूर्य दिसत नाही, आणि दिसत नसलेला सूर्य मावळला की नाही हे ठरवायचं कोणी? म्हणून आषाढ-श्रावणात ते दुपारच्या जेवणानंतरच माफ्या मागायला निघतात, आणि मग उरलेल्या दुपारी भांडण झालं तर पुन्हा निघतात. एकदा तर कोथिंबीरवाल्या बाईला त्यांनी सकाळीच सांगून टाकलं, “आज बाई आपली बोलाचाली होईन असं वाटून राहिलं. मी आताच माफी मागून ठेवतो.” ती बाई पक्की. ती म्हणाली, “तसं नाही जमत भाऊ. माफी मागाले आले की तुम्ही उरलेली जुडी नेता. आता माहा माल ताजा हाय. संध्याकाळी या.” हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे दुकान लवकर बंद होतं आणि कपडे राहून जातात. मावशी दर वर्षी थंडी सुरू झाली की बजावते, “आता संक्रांतीपर्यंत जरा कमी भांडा. नाताळाचे कपडे पडले हायत.”

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा उपासना संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं. मी चपला शोधत तिथेच होतो. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “सूर्य मावळण्याआधी राग सोडा म्हटलंय, याचा अर्थ रोज सकाळी धरलाच पाहिजे असा नाही.” मावसाजींनी थोडा विचार केला. म्हणाले, “पण साहेब, धरल्याशिवाय सोडू काय?” पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विषय बदलून दानधर्मावर प्रवचन केलं.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल की हा एक गमतीदार म्हातारा आहे, एवढंच. मलाही बारावीपर्यंत तेवढंच वाटायचं. तेव्हा मी रामाकोन्याला आईबाबांजवळ होतो. बाबा संत्र्याच्या बागेत रखवालीला आहेत. बाग दुसऱ्याची, पण झाडं बाबांना ओळखतात. मी बारावी पास झालो, आणि आमच्या घरात कोणी बारावीपर्यंत पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या पुढे काय असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी ओळखीनं बोरगावच्या एका कारखान्यात माझ्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. त्यात बाबांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. छपराखालचं काम, बसायला खुर्ची, यापेक्षा मोठं त्यांनी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. मला शिकायचं होतं. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मावसाजींना कसं कळलं देव जाणे. त्या मे महिन्यात दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते पांढुर्ण्याहून सौंसरला आणि सौंसरहून दुसऱ्या बसनं रामाकोन्याला येऊन धडकले. उंबऱ्यातूनच सुरुवात केली, “साडभाऊ, पोट्ट्याले कॉलेजात टाका. राहीन तो आमच्याइथं.” बाबा म्हणाले, “साडभाऊ, पोट्टा माहा हाय.” झालं. दुपारभर दोघे साडू असे भांडले की बागेतली माकडंसुद्धा त्या दिवशी खाली उतरली नाहीत. ऊन कलल्यावर मावसाजी उठले, हातपाय धुतले, बाबांसमोर हात जोडले, “आवाज चढला, माफ करजा. पण पोट्टा कॉलेजात जाईन.” मग दोघे एका पंगतीला बसून जेवले. पुढच्या सुट्टीला मावसाजी पुन्हा हजर. पुन्हा तेच. आई हसायला लागली होती. म्हणायची, “उन्हाळ्यात दिवस मोठा, भाऊजींले भांडाले टाइम पुरते.” कारखान्यात मात्र जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तो सोमवार जवळ येत होता.

शेवटच्या सुट्टीच्या दिवशी मावसाजी आले तेव्हा बाबा बागेतून दमून आले होते. बोलणं वाढलं. मावसाजी म्हणाले, “लेकराच्या डोक्याची माती करून राहिले तुम्ही!” आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, “लेकराचं तुम्ही नका सांगू. ज्याले लेकरू नाही त्याले काय समजते?”

मावशी-मावसाजींना मूलबाळ नाही. आमच्या सगळ्या गोतात ही गोष्ट कोणी कधी तोंडावर काढली नव्हती. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मावसाजींचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघाला नाही. तो आवाज न निघालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते उठले, पिशवी घेतली आणि बसच्या स्टॉपकडे चालू लागले. बाबा खाटेवर बसले, जमिनीकडे पाहत. आई म्हणाली, “जा ना हो, थांबवा त्यायले.” बाबा उठले नाहीत. बाबांनी उभ्या जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, आणि आता कशी मागायची हे त्यांना कळत नव्हतं. बस आल्याचा हॉर्न ऐकू आला. बस गेल्याचाही आला.

मग फाटक वाजलं. मावसाजी परत आले होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, डोळे लाल. ते सरळ बाबांच्या समोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “साडभाऊ, मले तुमचा लय राग आला हाय. आजपर्यंत इतका कोणाचाच नाही आला. दिवस अजून हातभर वर हाय. मी रस्त्यानं लय कोशिश केली, पण सुटून नाही राहिला. एकट्यानं नाही होत. तुम्ही जरा हात लावा.”

जड पोतं उचलताना शेजारच्याला हाक मारावी, तसे ते बोलले. बाबा उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मावसाजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “गलती झाली. माफ करा मले.” एवढंच, पण बाबांना ते म्हणताना मी पाहिलं. मावसाजी खाटेवर बसले, टॉवेलात तोंड घालून थोडं रडले, मग नाक पुसून म्हणाले, “सुटला. पाणी द्या.” पाणी पिऊन झाल्यावर पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, “पण पोट्टा कॉलेजात जाईन. थे नाही सुटलं.”

बाबा आधी हसले, मग माझ्याकडे वळले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, “साडभाऊचं राहू दे. तुले काय पाह्यजे?” मी म्हणालो, “मले शिकाचं हाय, बाबा.” बाबांनी मान डोलावली. कारखान्याच्या ओळखीच्या माणसाला नाही सांगायला ते दुसऱ्या दिवशी स्वतः बोरगावला गेले.

श्रद्धा म्हणजे काय यावर मला चार शब्द बोलायला सांगितले तर मी अडखळतो. आमच्या तरुण संघात मी मागच्याच बाकावर बसतो. पण एवढं मला कळलं आहे, की चांगल्या मनाचा माणूस राग सोडतो यात मोठं नवल नाही. मावसाजींसारखा तापट माणूस रोज सायकलला टांग मारून सोडतो, हे नवल आहे, आणि आपल्यासारख्यांना धीर येतो तो त्यातूनच. मावसाजी स्वतः इतकंही बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाले होते, “चर्चमध्ये सारेच ख्रिस्ती असतात, बाबू. गिऱ्हाईक समोर हाय, हातात कैची हाय, तेव्हा राहून दाखवा.”

आता माझं शेवटचं वर्ष संपत आलं आहे, आणि वर लिहिलेलं बरंचसं मागं पडलं आहे. मागच्या वर्षापासून मावसाजींना दम लागतो. डॉक्टरांनी सायकल बंद केली आणि चिडायचं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी ते डॉक्टरांवर चिडले आणि लगेच, खुर्चीत बसल्या-बसल्याच माफी मागून मोकळे झाले. पण तेव्हापासून आवाज खरंच उतरला आहे. किराणावाला आता दुकानात बसून फोनवर बोलतो.

परवा बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन आले. ओट्यावर दोघे साडभाऊ बसले. बाबा म्हणाले, “पोट्ट्याले एम.ए.ले नागपूरले पाठवून राहिलो मी.” मावसाजी संत्रं सोलता सोलता थांबले. म्हणाले, “नागपूर कायले? इथंच राहू द्या ना. इथं काय कमी हाय त्याले?” बाबांनी पाय आवरून घेतले, आता भांडण होणार म्हणून. मीही दारात उभा राहिलो. “पोट्टा पुढं जाईन तर शिकीन ना, साडभाऊ,” बाबा मुद्दाम जरा जोरात म्हणाले. मावसाजींनी हातातल्या फोडीकडे पाहिलं. मग ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “हो. बरोबर हाय तुमचं. जाऊ द्या त्याले.”

ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत उतरत गेलं. मावसाजी जागचे हलले नाहीत. कोणाची माफी मागायची राहिली नव्हती. मला मात्र फार वाटत होतं, त्यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडावं.