बिनखर्चाचा धोंडा

अणशीच्या आमच्या घरातली कोंबडी मुंगसानं नेली आणि तिची कालपरवाची पिल्लं चिंव चिंव करत उघड्यावर पडली. इकडं माझ्या धाकट्या बहिणीचं लगीन चार दिवसांवर आलेलं. माहेर जोयड्याच्या पलीकडं, दिवसभराची वाट. मी गाठोडं बांधून बसले होते, आणि मेल्या मुंगसाला मुहूर्त सापडला तो हाच!

पिल्लांना ऊब कशाची द्यायची, ह्यावरनं सासू-सासऱ्यांची जुंपली. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "डालग्यात कंदील टांगा." कंदील त्यांनी कॅसलरॉकच्या स्टेशनाजवळनं आणलेला. त्याचं कौतुक पोटच्या लेकापेक्षा जास्त. आत्तीनं, म्हणजे सासूनं, कपाळावर हात मारला. "घासलेट काय काळी नदीतनं भरून आणायचं? न्हाणीची चूल पेटतीच की रोज. तिच्यात धोंडा तापवा, गोणपाटात गुंडाळा, पिल्लांखाली सारा. खर्च न्हाई का काय न्हाई."

मामा ऐकतात होय? अर्धी पिल्लं कंदिलाखाली, अर्धी धोंड्यावर. दोन दिवसांत कंदिलानं घासलेटची बाटली गिळली, घरातल्या दिव्याला थेंब उरला न्हाई. मामा अंधारात आमटी चाचपत जेवायला लागले, बोट पोळलं, तरी हेका तोच. पडले तरी नाक वर! शेवटी कंदील विझला आणि सगळी पिल्लं धोंड्यावर आली.

आत्ती गावभर सांगत सुटली, "माझा धोंडा फुकटात ऊब देतोय." देतोय खरा. पण धोंडा काय आपल्या पायानं चुलीत जातोय? तापला की मी काढायचा, निवला की मी बदलायचा, पिल्लू भाजू नये म्हणून आधी मीच गालाला लावून बघायचा. तेलाचा हिशेब झाला, लाकडांचा झाला, माझ्या हाडांचा कुणी केला न्हाई. नवरा रानात लाकूडतोडीला गेलेला, सुटला बिचारा.

लग्नाच्या आदल्या दिवशी जोयड्याला निघालेल्या बायका हाक मारायला आल्या. मी गाठोडं उचललं, तशी आत्ती दारात आडवी.

"जातीस कुठं? धोंडा कोण बदलणार?"

माझं डोस्कं फिरलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला धोंड्यापायी मुकू? "फुकटाचा हाय न्हवं? मग घ्या की!" म्हणून गोणपाटासकट धोंडा तिच्या हातात दिला आणि बायकांच्या मागं चालू लागले. वाटभर रडू येत होतं, पण मागं फिरले न्हाई.

लगीन उरकून परत आले, तर अंगणात एक परकी खुडूक, उबवायला आसुसलेली कोंबडी पंख पसरून बसलेली, आणि तिच्या पोटाखाली सगळी पिल्लं गपगार. आत्तीनं शेजारणीकडनं मागून आणलेली. कधी? मी गेले त्याच सांजेला.

"हिला तेल नको, लाकूड नको," मामा खूश.

"आणि ही माहेरलाबी जात न्हाई," आत्ती म्हणाली.

मला आधी हसू फुटलं, आणि मग असा राग आला म्हणता! शेजारीण तीच, तिची कोंबडी आठवडाभर खुडूकच. मी घरात होते तवर ती मागायला जावं असं कुणाला वाटलं न्हाई.