बेसमेंटमधलं नसलेलं बाथरूम

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या गिरीश सबनीसांचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. इंडियन स्टोअरचं बिल ते गाडीत बसून पुन्हा तपासतात, एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला विचारल्याशिवाय गिळत नाहीत, आणि हवामानाचा अंदाज खरा ठरला तरी यात कुणाचा तरी फायदा असणार म्हणतात. या देशात चाळीस वर्षं काढली, त्यातली एकतीस एकाच औषध कंपनीत इतरांच्या चुका शोधण्याच्या खात्यात. पगार त्याचाच मिळत होता, त्यामुळे स्वभावाला औषध कुणी दिलं नाही.

एका बाबतीत मात्र हा माणूस पार भाबडा. घर दाखवण्याच्या. दारात कुणीही आलं, की सबनीस त्याला सगळं घर फिरवणार. दसऱ्याच्या पाहुण्यांना, नव्या शेजाऱ्यांना, वाळवी बघायला आलेल्या माणसाला, घरामागचा नवा लाकडी डेक मोजायला आलेल्या माणसाला, सोफा टाकून पळायच्या बेतात असलेल्या पोऱ्यांनासुद्धा. फेरीचा शेवट बेसमेंटमध्ये. तिथे उघडं काँक्रीट, पाण्याचा हीटर आणि बायकोची, उत्तराकाकूंची, लोणच्याची बरणी. पण सबनीस दिवा लावून अशा काही थाटात हात फिरवत, "हे होम थिएटर, हा बार, आणि हे फुल बाथरूम," की पाहुण्याला शॉवरचा आवाज ऐकू यावा. हे सगळं ते पुढच्या वर्षी करणार होते. एकवीस वर्षं पुढच्याच वर्षी.

घराचं कर्ज फिटलं त्याच वर्षी भानगड सुरू झाली. तोवर प्रॉपर्टी टॅक्स बँक परस्पर भरायची. आता बिल थेट हातात आलं, आणि पाठोपाठ जानेवारीत काउंटीचं, म्हणजे टॅक्स घेणाऱ्या जिल्हा कचेरीचं, घराच्या नव्या किमतीचं पत्र. आकडा पाहून सबनीसांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी काउंटीच्या साइटवर आपल्या घराचं पान उघडलं. पानावर लिहिलं होतं: बेसमेंट पूर्ण, फुल बाथरूमसह. नोंद सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली. माहिती प्रत्यक्ष भेटीत मिळालेली.

"उत्तरा! आपल्या घरात बाथरूम आहे!"

"तीन आहेत," उत्तराकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"चौथं! कुणीतरी जाऊन सांगून आलंय."

मुलगा निहार फोनवर म्हणाला, "बाबा, जस्ट फाइल द अपील. इट्स अ मिस्टेक. रिफंडपण मिळेल."

मिस्टेक! सबनीसांच्या मते जगात मिस्टेक नावाची गोष्टच नव्हती. प्रत्येक चुकीमागे एक माणूस असतो आणि त्याला पकडायचं असतं. अपील त्यांनी भरलं, बेसमेंटचे अकरा फोटो जोडले, रिफंडसाठी वेगळा अर्जही केला. पण त्यांची झोप उडाली होती ती वेगळ्याच प्रश्नाने. कोण बोललं?

त्या ऑक्टोबरात दसऱ्याचं जेवण त्यांच्याकडे होतं. बावीस माणसं. सबनीसांनी जुन्या फोटोंवरून यादी केली. बेसमेंटमध्ये कोण उतरलं, कुणाला काउंटीचं काही कळतं, कुणाला आपलं बरं बघवत नाही. एकेक नाव खोडत गेले. खाली एकच उरलं. विक्रम कर्णिक.

विक्रम कर्णिक म्हणजे बत्तीस वर्षांचा दोस्त. एकाच बिल्डरकडून, एकाच प्लॅनची घरं दोघांनी मागच्या-पुढच्या गल्लीत घेतलेली. रोज सकाळी साडेसहाला दोघं ग्रीनवेवर, झाडांमधल्या पायवाटेवर, चालायला जायचे. सबनीस जगावर संशय घ्यायचे आणि कर्णिक हूं हूं करत ऐकायचे. निहारला दहाव्या वर्षी अॅपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा सबनीस कामासाठी परगावी होते, आणि ऑपरेशन संपेपर्यंत दवाखान्यात कर्णिक बसून होते. हे सगळं सबनीसांना आठवत होतं. पण त्यांना हेही आठवत होतं, की कर्णिक रस्ते बांधणीतले इंजिनियर आणि काउंटीच्या लोकांशी त्यांची ऊठबस. त्यांनी कर्णिकांच्या घराचं पान उघडून बघितलं. तोच प्लॅन, तेवढीच जागा. बेसमेंट अपूर्ण. टॅक्स कमी. मनातली पाल आता चुकचुकत नव्हती, ओरडत होती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ग्रीनवेच्या लाकडी पुलावर त्यांनी विचारलं, "विक्रम, काउंटीच्या माणसाला माझ्या बेसमेंटबद्दल तू काय सांगितलंस?"

कर्णिक थांबले. "मी?"

"स्वतःचं अपूर्ण ठेवलंस आणि माझं पूर्ण करून टाकलंस. आठव जरा."

कर्णिकांनी कानावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "हे तू मला विचारतोयस, गिरीश?"

"उत्तर दे ना."

कर्णिक वळले आणि परत गेले. सबनीसांच्या लेखी तो कबुलीजबाब होता.

त्यानंतर साडेसहाचं चालणं बंद. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात कर्णिक समोरून आले तर सबनीस श्रीखंडाच्या रांगेतून बाहेर पडले. उत्तराकाकूंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी बोलणं सोडलं. मे महिन्यात त्या एवढंच म्हणाल्या, "विक्रम आणि पद्मिनीने घर विकलं. इलाकडे चाललेत, पाच तासांवर हर्नडनला. लेकीजवळ. शनिवारी ट्रक येतोय. तुझा रिफंड येईल न येईल, तो माणूस मात्र जाणार."

सबनीस उठून खिडकीपाशी गेले. पण शंका तिथेही पोचली. घाईने का पळतोय?

काउंटीतली सुनावणी शुक्रवारी होती. सबनीस कोट घालून, फोटोंची फाइल घेऊन गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी फोटो बघितले, मान डोलावली आणि म्हणाल्या, "काँक्रीटच आहे. नोंद दुरुस्त करू. चुकीच्या नोंदीवर घेतलेला टॅक्स, कायद्यात बसतो तितक्या वर्षांचा, परत मिळेल."

सबनीस जिंकले होते. पण उठेनात.

"मॅडम, ही खोटी माहिती तुम्हाला दिली कुणी? नाव हवंय मला."

बाईंनी कॉम्प्युटरवर जुना कागद शोधला. वाचता वाचता त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. मग त्यांनी स्क्रीनच सबनीसांकडे वळवली.

नव्या डेकची मोजणी करायला आलेल्या काउंटीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं: मालक घरी होते. फार अगत्यशील. आग्रहाने वरचं सगळं घर दाखवलं. बेसमेंटमध्ये होम थिएटर, बार आणि फुल बाथरूम असल्याचं मालकांनी सांगितलं. वेळेअभावी आणि मालकांच्या मित्राशी बोलण्यात गुंतल्याने खाली उतरलो नाही. खाऊ दिला, फार तिखट.

सबनीसांनी ते दोनदा वाचलं. चिवडा होता तो. उत्तराचा. आता डेक मोजला त्या दिवसाची दुपार सगळीच्या सगळी आठवली. हातात क्लिपबोर्ड घेतलेला गोरा माणूस, स्वतः सबनीस जिन्याच्या तोंडाशी उभे राहून हात फिरवताहेत, आणि मागून कुणीतरी त्यांचा शर्ट ओढतंय. ओढणारा कर्णिक होता.

आयुष्यभर लोकांच्या चुका शोधलेल्या माणसाला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. गाडी त्यांनी घरी नेलीच नाही.

कर्णिकांच्या दारात खोक्यांची चळत होती. पद्मिनीकाकूंनी दार उघडलं, सबनीसांकडे बघितलं आणि आत गेल्या. कर्णिक हातात चिकटपट्टी घेऊन बाहेर आले.

"मीच सांगितलं होतं," सबनीस म्हणाले. "तो डेकवाला. मीच."

"माहीत आहे."

"तू तिथे होतास."

"शर्ट ओढत होतो तुझा. मग त्या माणसाला गप्पांत घेतलं, तू जिन्यातून त्याला खाली नेऊन आणखी शोभा करू नयेस म्हणून. तिथेच चुकलं माझं. खाली गेला असता तर काँक्रीट दिसलं असतं."

"मग पुलावर बोलला का नाहीस?"

कर्णिकांनी चिकटपट्टी खोक्यावर ठेवली. "सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

सबनीसांच्या तोंडात 'अर्थात' हा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला.

"नाही," ते म्हणाले. "म्हटलं असतं, विक्रम माझ्यावरच ढकलतोय."

कर्णिकांनी दारातलं खोकं पायाने बाजूला सारलं. "ये आत. कप बांधून झालेत. चहा पेपर कपात मिळेल."

रिकाम्या घरातून कर्णिक पुढे आणि सबनीस मागे असे चालले. एकवीस वर्षं शेजारच्याच गल्लीत राहून सबनीसांनी हे घर कधी धड पाहिलंच नव्हतं, कारण ते कायम आपलंच दाखवण्यात गुंतलेले. कर्णिकांनी जिन्यावरचा दिवा लावला. खाली तेच उघडं काँक्रीट, तोच हीटर, कोपऱ्यात उचलायची राहिलेली दोन खोकी.

सबनीसांचा हात सवयीने वर गेला. "इथे तुला एक फुल बाथरूम..." एवढं बोलून ते एकदम थांबले.

"बोल," कर्णिक म्हणाले. "काउंटीचं कुणी नाहीये इथे."

आणि मग कर्णिकच आधी हसले. सबनीसांना हसता येईना. उद्या नऊला ट्रक येणार होता आणि साडेसहाच्या चालण्याचे तीन महिने त्यांनी एका नसलेल्या बाथरूमपायी घालवले होते. ते कुठल्याच अर्जाने परत मिळणार नव्हते. त्यांनी डोळे पुसले, वाकून एक खोकं उचललं आणि विचारलं, "उद्या सकाळी येशील चालायला?"

"साडेसहाला," कर्णिक म्हणाले, आणि दुसरं खोकं उचललं.