गच्चीवरचा चोर

धुळ्यात आमच्या गच्चीवर कॉलेजातली एक संशोधक मुलगी यायची. कॉलेजच्या छतावरून तिच्या सहकाऱ्याकडे जाणारा लेझरचा अदृश्य झोत आमच्यावरून जायचा. त्यातून ती बोलणं पाठवायची आणि वाटेत कोणी ऐकू नये म्हणून ते प्रकाशाच्या बेबंद थरथरीत लपवायची. पलीकडच्या जुळ्या लेझरलाच ते वेगळं काढता यायचं. वाटेत चोरून ऐकायचं काम तिनं मला दिलं होतं.

स्कार्फच्या टोकानं झोत टिपणारं भिंग पुसून ती त्याला जोडलेला हेडफोन माझ्या कानांवर चढवायची आणि डोळे मिटून विचारायची, "काका, काही ऐकू आलं?"

एकदा खरखरीतून "केळी" हा शब्द स्पष्ट आला. तिचा धुळीनं माखलेला, दमलेला चेहरा पाहून मी मान खाली घालून "नाही" म्हणालो. ती आनंदानं जिना उतरू लागली आणि मला राहवेना.

"थांब पोरी, खोटं बोललो. केळी ऐकू आलं."

ती रागावली नाही. "काका, चोरानंच दया दाखवली तर माझं कुलूप कच्चं राहील ना!" मग तिनं सहकाऱ्याला फोन केला, "बोलण्याचा आवाज मी आणखी दाबते. बठ्ठं, अगदी सगळं, पहिल्यापासून करू."

"मग मलाही ऐकू येणार नाही," तो कुरकुरला.

"तुझा लेझर नीट जुळव. मी हलत नाही इथून."

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ती आली. काल मला नुसती भजी तळल्यासारखी चुरचुर ऐकू आली. पलीकडून फोनवर त्यानं मात्र केळीचा भाव घडाघडा वाचून दाखवला. तिनं डोळे मिटून विचारलं. या वेळी "नाही" म्हणताना मी मान खाली घातली नाही.