मधली तुकडी

महिन्याचा दुसरा आठवडा जवळ आला की भावताईचे गुडघे आधीच कुरकुरू लागत. हे नाव तिला बाजारानेच दिलं होतं. सरकारच्या आकडेवारी कचेरीसाठी ती खानावळींचे आणि हॉटेलांचे दर गोळा करायची. महागाई किती वाढली हे ज्या आकड्यावरून ठरतं, त्यात तिचा खारीचा वाटा. हॉटेलात शिरलं की काउंटरवरची मुलगी हसून विचारायची, किती रात्री राहणार? खोली नको, खोलीचा दर हवा, म्हटलं की ते हसू दिवा मालवावा तसं मालवायचं. मग थांबा, मॅनेजर जेवायला गेलेत, उद्या या. जिने चढायचे, उतरायचे. इतकी वर्षं हॉटेलं पालथी घातली, पण त्यातल्या एकाही पलंगाला तिची पाठ लागली नव्हती.

निवांत बसायला मिळायचं ते एकाच ठिकाणी, बसस्टँडमागच्या खानावळीत. मालक तिला ताई म्हणायचा आणि टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवायचा. त्याची बायको स्वयंपाकघरातून डोकावून गुडघ्याची विचारपूस करायची. घरी असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

भात, रस्सा, माशाची एक तुकडी. पैसे देऊनच जेवायचं, हा तिचा नेम. कामाचा नियमही सरळ होता: दर महिन्याला तीच जागा, तोच पदार्थ, तेवढंच माप. दर तोच ठेवून ताट लहान केलं, तर तीही भाववाढच, आणि तीही लिहायची. बाकीच्या खानावळींनी केव्हाच हात आखडता घेतला होता. इथली तुकडी मात्र अजून तळहाताएवढी. तुमचा हा मालक देवमाणूस दिसतो, असं कचेरीतले साहेबही म्हणत.

धाकटी बहीण डोळे दाखवायला शहरात आली, तेव्हा भावताईने तिला जेवायला तिथेच बोलावलं. बहीण आधी पोचली आणि कोण-कुठली न सांगता जेवण मागवून बसली. मागाहून भावताई आली, तिचंही ताट आलं. बहिणीने दोन्ही ताटांकडे पाहिलं.

"अगं, माझा मासा तुझ्या माशाचं पिल्लू दिसतोय. तुला मधली तुकडी आणि मला शेपटी. लाडकी लेक कोण ते कळलं हो."

भावताईने मान वळवून आजूबाजूची टेबलं पाहिली. सगळीकडे शेपट्या, नाहीतर अर्धुकं. तिने मालकाला हाक मारली. तो मुळीच ओशाळला नाही.

"पाहुण्याला शेपटी कोण वाढतं, ताई? बाकीच्यांची तुकडी कधीच लहान केली, परवडतच नाही. पण तुमच्या ताटाला हिने हात लावू दिला नाही."

"मी पाहुणी नाही हो. सगळ्यांच्या ताटात काय पडतं ते मला लिहायचं असतं."

"मग आमच्याकडे तुम्ही येत होता ते कोण म्हणून?"

भावताईने दोन्ही ताटांचे पैसे टेबलावर ठेवले.

वाटेत बहिणीने तिला समजावलं. एका माशाच्या तुकडीने काय देश बुडणार आहे? गप्प राहिलीस तर खानावळीतली ती खुर्ची तरी राहील. खुर्ची राहील, हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मात्र भावताईने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब रागावले नाहीत, नुसते थकल्यासारखे चष्मा पुसत राहिले. त्या खानावळीच्या तिच्या मागच्या नोंदींवर काट पडली आणि ती जागाच यादीतून गेली. बदली खानावळ मिळाली ती उभ्याने खायची. तिथे दर भिंतीवरच्या पडद्यावर लुकलुकतात आणि कोणी कोणाला ओळखत नाही.

पुढच्या फेरीत पाय ओढत ती बसस्टँडमागे गेली. काम नव्हतं, भूक होती. तिची नेहमीची खुर्ची रिकामीच होती. पंखा दुसरीकडे वळलेला होता. मालक येऊन उभा राहिला.

"काय देऊ, बाई?"

तिने नेहमीचंच सांगितलं. आतून कोणी डोकावलं नाही. ताटात शेपटी आली. तिने ती मुकाट्याने पुढे ओढली. शेपटीत काटे फार, घाई करून चालत नाही. एकेक काटा बाजूला काढत ती जेवत राहिली, आणि तेवढा वेळ गुडघ्यांना विसावा मिळाला.