‘या’ लिहिलेली पाटी

श्री. सदाशिव कोंढाळकर, म्हणजे आमचे नाना, यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात मी लिहावं असं समितीनं कळवलं, आणि "चांगलं चांगलं लिहा" असंही बजावलं. लिहीनच. पण आधीच सांगून ठेवते, हा लेख मी रागात लिहायला घेतला. नानांच्या हृदयाचं ऑपरेशन लवकर करून घ्या असं डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले, आणि "एवढी शर्यत होऊ द्या" म्हणत नानांनी ते तीनदा पुढं ढकललं. आम्हाला वेळेवर थांबायला ज्यांनी शिकवलं, तेच थांबेनात. मग राग येणार नाही तर काय?

आमची पहिली भेटही रागातच झाली होती. मी पासलीची. वडिलांचे गुडघे गेल्यापासून आमचा दुधाचा टेम्पो मीच नसरापूरला घेऊन जायची. ब्रेक जळल्याचा वास येऊ लागला म्हणून टेम्पो तिथल्याच नानांच्या गॅरेजला लावला. त्यांनी काही उघडून बघितलं नाही. सरळ माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चल, मार्गासनीपातूर जाऊन येऊ." सगळा वेळ ते माझ्या पायांकडं बघत होते. परत आल्यावर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "टेम्पोचं काय न्हाई. तुजा पाय ब्रेकवर झोपतोय. दाबायचा तवा दाब, न्हाईतर काढून घे." मी जाम तापले. घरी जाऊन आईपाशी त्यांचा उद्धारही केला. पण सांगितलं तसं करून पाहिलं आणि आठ दिवसांत वास गेला. ते सांगायला मी पुन्हा गॅरेजला गेले, तेव्हा नाना नुसतं "बरं" म्हणाले.

दोन महिन्यांनी त्यांनीच निरोप धाडला. पुण्याच्या एका कारखानदारांनी एक जुनी स्पोर्ट्स कार त्यांच्याकडं आणून टाकली होती. ठेंगणी, दोन माणसांची, बसताना अंगाची घडी करावी लागते अशी. नानांनी ती नट-बोल्टापासून नव्यानं उभी केली होती.

"शर्यतीत चालवशील का? सहा तासांची हाय," त्यांनी विचारलं.

"सहा तासांत पोचायचं कुठं?"

"कुठंच न्हाई. हितनं निघायचं आन् हितंच यायचं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मलाच का, हेही विचारलं. नाना म्हणाले, "गाडी पळवणारे पायलीचे पन्नास मिळत्यात. सांगितलेलं ऐकून सुधारणारी तू पयली गावलीस."

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही झटकन संपणारी शर्यत नसते. सहा तास, बारा तास, परदेशात तर पूर्ण चोवीस तास गाडी त्याच वाटोळ्या रस्त्यावर धावत राहते. एकट्या माणसाच्यानं ते होत नाही, म्हणून एका गाडीला दोन-तीन ड्रायव्हर असतात. ठरलेल्या फेरीला गाडी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, आत घ्यायची. पेट्रोल भरायचं, टायर बदलायचे, एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं बसायचं. नानांना हे शिकवावं लागलं नाही. त्यांचं आजोळ आमच्याच पासलीचं. भाताच्या लावणीला आमच्याकडं सावड असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात वाकायचं, उद्या माझ्या. नाना म्हणायचे, "ही तीच सावड हाय. फकस्त चिखल न्हाई."

सुरुवातीला आमचा वायरलेस धड चालत नसे. म्हणून नानांनी एका काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं एकच मोठं अक्षर काढलं, ‘या’. घरी आलेल्याला म्हणतो तसं. ड्रायव्हरला आत बोलवायचं झालं की नाना ट्रॅकच्या कठड्याशी ती पाटी धरून उभे राहत. नियम एकच. पाटी दिसली की त्याच फेरीला आत यायचं, मग पुढची गाडी हाताच्या अंतरावर असो नाहीतर मागं आग लागलेली असो.

तो नियम मी मोडला. तिसऱ्या शर्यतीत पुढची गाडी मला दिसत होती, आणखी एका फेरीत गाठेन असं वाटत होतं. पाटी दिसली. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पुढच्या फेरीला पुन्हा दिसली, तरी मी गेलेच पुढं. ट्रॅकच्या पार पलीकडच्या वळणावर पेट्रोल संपलं आणि गाडी गप झाली. ओढून आणावी लागली. आमची शर्यत तिथंच संपली.

संघाचे मालक, तेच कारखानदार, लाल होऊन विचारत होते, चूक कोणाची? मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "माजी. म्या पाटी उशिरा धरली." मालक त्यांना नाही नाही ते बोलले. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी टायरांच्या मागं जाऊन रडत बसले. थोड्या वेळानं नाना आले, पाण्याची बाटली ठेवली. मी म्हटलं, "नाना, चुकले मी. माफ करा." तर म्हणाले, "माजी माफी कशाला मागतीस? तो महेश हेल्मेट घालून कवाचा बसलाय. त्याची पाळी खाल्लीस तू. आदी त्याची माफी माग."

महेश म्हणजे वरव्याचा महेश, माझा जोडीदार ड्रायव्हर. खरंच, गाडी बंद पडून अर्धा तास झाला तरी तो हेल्मेट घालून बसूनच होता. त्याला काय बोलले ते आता आठवत नाही. पण पाटी दिसल्यावर पुढं जायचं पुन्हा कधी मनातसुद्धा आलं नाही. त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत आम्ही दोघं तिसरे आलो.

नानांच्या मायेबद्दल लिहायला बसले तर ग्रंथ पुरायचा नाही. एकच सांगते. मला डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस आमचा दुधाचा टेम्पो नानांनी स्वतः चालवला. शर्यतीची गाडी जपणारा हा माणूस टेम्पो इतका हळू चालवी की रोज दूध उशिरा पोचायचं. डेअरीवाले करवादायचे. आमच्या टेम्पोला दूध घालणाऱ्या धनगरवाड्यावरच्या आजी मला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरी, लवकर बरी व्हय गं. त्यो बाबा दुधाचं दही करून नेतोय." नानांना हे सांगितलं तर ते आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू दोघंही पोट धरून हसले.

आज या खेळाचे दिवस पालटताहेत. आमच्या वेळी प्रेक्षक म्हणजे ड्रायव्हरांचे भाऊ आणि मेहुणे. आता तिकिटाला रांग लागते. ट्रॅक अजून मोजकेच आहेत, टायर महाग आहेत, नवा संघ उभा करणं सोपं नाही, हे सगळं खरं. तरी नसरापूरला चहाच्या हॉटेलात परदेशातली चोवीस तासांची शर्यत मोबाईलवर लावलेली असते आणि लोक एसटीची वाट बघत "टायर बदललं का त्यांनी?" म्हणून विचारतात. लोकांना गंमत कळली आहे. इथं नुसती वेगाची हौस भागत नाही, सगळ्यांनी मिळून गाडी शेवटपर्यंत न्यावी लागते. आमच्या भोर-वेल्ह्यात ही गोडी लावली ती नानांनी. वरव्याच्या शाळेत त्यांनी मुलांना चाक बदलायला लावलं होतं, ते तिथले मास्तर अजून सांगतात.

गेल्या साली शर्यत चालू असताना नाना टायरांच्या थप्पीवर बसले. छातीवर हात, अंगाला दरदरून घाम. म्हणाले, "पित्त झालंय." पित्त नव्हतं. पुढचं तुम्हाला वर सांगितलंच आहे. सुमनकाकूंनी विनवलं, महेशनं हात जोडले, मी भांडले. नानांचं एकच पालुपद, एवढी शर्यत होऊ द्या. मला भीती वाटत होती. ती मी कोणाला बोलून दाखवली नाही, इथं लिहिते आहे.

हा लेख अर्धा लिहून झाला आणि मला ती पाटी आठवली. वायरलेस सुधारल्यापासून ती गॅरेजच्या माळ्यावर पडून होती. गेल्या सोमवारी सकाळी ती काढली, पुसली आणि धरून उभी राहिले. नाना एका जीपखाली होते. बाहेर आले, पाटीकडं बघितलं.

"ही कशाला काढलीस?"

"दिसली ना, नाना? मग त्याच फेरीला आत यायचं. गाडी पुन्हा बाहेर काढायची असते म्हणूनच आत घेतात, हे तुम्हीच सांगता."

नानांनी फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसत राहिले. मग हळूच विचारलं, "महेशनं हेल्मेट घातलंय का?"

"कवाचं घालून बसलाय."

"मंग बसू दे त्याला गाडीत," नाना म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "सुमन, दवाखान्याची पिशवी भर गं."

हा ग्रंथ हाती पडेल तेव्हा ऑपरेशन होऊन नाना घरी पलंगावर असतील आणि काकू त्यांना उठू देत नसतील. संघ महेश सांभाळेल. नाना, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या शंभरीलाही आम्ही कुठंतरी चुकलेले असू. तेव्हा आधी माफी कोणाची मागायची, हे सांगायला तुम्ही असा.

— संगीता रेणुसे, पासली